आजीचे चार रुपये

जुनी नाणी पारखायच्या धंद्यात निम्मं काम लोकांचा हिरमोड करण्याचं. दारव्ह्याकडच्या त्या गावातून फोन आला तेव्हाच ओळखलं: 'कंपनी सरकारचं, १८१८ चं, रामपंचायतनवालं.' हे जत्रेतलं टोकन. असलं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही, तरी दर दुसऱ्या देव्हाऱ्यात एक निघतं. गेलो ते नातवाच्या पुढच्या वाक्यामुळे: आजीचे चांदीचे रुपयेही पाहा, आजच विकायचे आहेत.

आजीनं चंचीतून चार राणीछाप काढले. तीन माळेतले, कडी झाळलेले. कडी झाळली की संग्राहक नाक मुरडतो, चांदीचाच भाव उरतो. त्यातला एक तर सुनेनं लक्ष्मीपूजनाला चिंचेनं घासून लख्ख केलेला. चौथा मात्र अस्सल काळपट, कडेला निळसर झाक, राणीच्या केसांची बट न् बट सुटी. वजन ११.६४ ग्रॅम, मूळ ११.६६, म्हणजे झीज नाहीच. सन १८६२. हा आकडा टांकसाळीनं पुढं बरीच वर्षं तसाच चालवला, आणि मुंबईच्या रुपयांवर मागच्या बाजूला बारीक टिंबं पडत गेली. जाणकार ती मोजून नाणं खरं कोणत्या वर्षाचं ते लावतात. ओट्यावर उन्हात भिंग घेऊन मी टिंबं मोजत बसलो, चहा निवून गेला.

विकायचे कशाला, विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. यूट्यूबवरच्या नंबरवर टोकनाचा फोटो पाठवला, तिकडून एक कोटी कबूल. आधी रजिस्ट्रेशनचे पैसे गेले, मग टॅक्सचे. आता रिझर्व्ह बँकेचा चार्ज, बँकेच्या शिक्क्याच्या पत्रासकट. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की असल्या व्यवहारात आम्ही नाही, कुणाला अधिकारही दिलेला नाही. वाचतो कोण? सोयाबीनचा भाव मोबाईलवर चार ठिकाणी पाहून विकणारा पोट्टा, खऱ्या चांदीनं खोट्या पितळेची फी भरायला निघालेला.

सायबर फसवणुकीचा नंबर १९३० लावून देतो, तक्रार कर, म्हटलं. "गावात मालूम पडलं तं लोकं हसतीन जी." मग लेटरपॅडवर लिहून दिलं: टोकन, मूल्य नाही. त्यानं माझ्यासमोरच त्याचा फोटो त्याच नंबरवर धाडला. लगेच उत्तर: या माणसाकडे लायसन नाही, लक्ष देऊ नका.

चौथा रुपया मी तिथंच रास्त भावानं घेतला असता. पण पैसे संध्याकाळपर्यंत कुठं जाणार ते दिसत होतं. आणि न घ्यावा, तर तालुक्याचा सराफ टिंबं पाहत नाही, मुशीत टाकतो. नातू पाणी आणायला आत गेला तेवढ्यात आजीला म्हटलं, हा काळा घासू नका, घाईनं देऊ नका. "किती येतीन जी याचे?" सांगितले. चारही रुपये चंचीत, चंची कमरेला.

रात्री नातवाचा फोन. "आजीले काय शिकवून गेले तुमी? रुपये काढूनच देत नाही म्हणते!"

माझा भागीदार म्हणतो, घरच्या भांडणात पडायचं नव्हतं, रुपया घ्यायचा अन् निघायचं. तो तसाही प्रत्येक गावातून काहीतरी घेऊनच निघतो.