बिल्ल्याच्या कडेवरचा नंबर

आमचं गाव रत्नागिरीतल्या खेड तालुक्यात. पणजोबांबद्दल घरात एवढंच बोलायचे की ते इराकमधल्या बसऱ्याच्या लढाईत गेले. कधी वारले, कुठे वारले कोणालाच ठाऊक नाही, म्हणून त्यांचं पान कायम सर्वपित्रीला. चावडीजवळ संगमरवरी पाटी आहे, पहिल्या महायुद्धात गावातून किती गेले नि किती मेले, नुसते आकडे, नाव एकाचंही नाही.

मागच्या वर्षी गणपतीत आत्याने देवघरातला पणजोबांचा बिल्ला हातात ठेवला. दसऱ्याला पूजा होऊन होऊन हळदकुंकवाचा थर बसलेला. आत्या चिंच घेऊन आली पण मी थांबवलं, कारण घासून कडेची अक्षरं जातात आणि खरी माहिती तिथेच असते. बिल्ला म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल, त्या युद्धातल्या शिपायांना मिळालेलं पदक, त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. ओल्या फडक्याने पुसलं, पातळ कागद लावून पेन्सिल फिरवली आणि हळूहळू चार आकडी नंबर उमटला, पुढे ११७ मराठा. माझे हात थरथरत होते खरंच.

११७वी पलटण इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या पूना डिव्हिजनबरोबर. १४७ दिवस वेढा, शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस कित्येक दिवस तोंडात घातलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, मग कैद्यांना उन्हात चालवत बगदाद, मोसुल आणि तिथून रास अल ऐनला रेल्वेच्या कामावर. हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

रेड क्रॉसने त्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन टाकलीत, तिथे दोन महिने शोधलं, आमचे सापडले नाहीत. एका सरकारी ऑफिसला दोनदा पत्र पाठवलं, उत्तरच नाही. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या शिपायांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर बसलो. नावाने शोधू नका हे कळकळीने सांगतो, इंग्रज कारकुनाने आपलं आडनाव कसं लिहिलं असेल सांगता येत नाही, मी कदमची पाच-सहा स्पेलिंगं करून थकलो. नंबर आणि पलटण टाकली तर एकच नोंद. खाली वडिलांचं नाव, आमचं गाव, खेड, रत्नागिरी. मृत्यू १८ ऑक्टोबर १९१६, बसरा मेमोरियल. त्या स्मारकाच्या भिंतीवरही साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती, पलटणीखाली फक्त संख्या, नावं रजिस्टरात. म्हणजे गावच्या पाटीसारखंच.

मी आत्याला फोन केला, तिने पहिलं विचारलं, तिथी कोणती? जुनं पंचांग काढून बघितलं, आश्विन वद्य सप्तमी. यंदा पितृपक्षात सप्तमीला पान वाढायचं, वड्यांचं पीठ तिने आत्ताच सांगून ठेवलंय.