बावीस पायऱ्या

डिसेंबर १९७१. मी आठवीत होतो. ३ तारखेला युद्ध पेटलं आणि आमच्या लालबाग-परळच्या चाळींत खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. भोंगा झाला की खालून हाक यायची, "तिसऱ्या मजल्यावर कोण आहे? दिवा घालवा!" आणि नेमकं तेव्हाच शाळेच्या हस्तलिखिताचं काम चालू होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून लेखनिकाचं काम माझ्याकडे आलं.

त्याच वर्षी बालदिनाला बालभारतीचं 'किशोर' सुरू झालं होतं. त्याचा पहिला अंक वर्गात हातोहात फिरला होता, आणि आपलं हस्तलिखितही तसंच देखणं व्हावं असं आम्हा सगळ्यांना वाटे. युद्ध विशेषांक काढायचा ठरलं, तेव्हा पहिल्या आठवड्यातच अकरा कविता आल्या. सगळ्या शत्रूला ठेचणाऱ्या! मराठीच्या बाईंनी त्यातली एक ठेवली आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "रेडिओ सगळ्यांनीच ऐकलाय रे. तुमच्या घरात काय चाललंय ते लिहा."

मग अंक भरू लागला. 'खुकरी' या युद्धनौकेवर एक पान झालं. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. हे पान उतरवताना माझा हात थांबला होता, आजही आठवतं. दुसऱ्या एका पानावर निर्वासितांसाठीचं पाच पैशांचं टपाल तिकीट चिकटवलं होतं. कुटुंबनियोजनाच्या नेहमीच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' असा काळा छाप. पूर्व बंगालमधून एक कोटीच्या आसपास माणसं आपल्याकडे आली होती, आणि आम्हा पोरांना त्यांची ओळख झाली ती या तिकिटातून. शब्दकोडंही होतं, उभे शब्द रणगाडा आणि खंदक.

पण सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते वर्गातल्या एका मुलाचं दीड पान. त्याचे वडील गिरणीत दुसऱ्या पाळीला. मध्यरात्री पाळी सुटली की काळोखात चालत यायचे आणि चाळीचा जिना पायऱ्या मोजत चढायचे. हा अंथरुणात जागा राहून त्यांच्याबरोबर मोजायचा. बावीस झाल्या की डोळे मिटायचा. लिहिलं होतं एवढंच.

मी उतरवताना 'एकवीस' लिहिलं. त्याने पाहिलं आणि तो रडकुंडीला आला. "एक पायरी कमी झाली तर बाबा दारापर्यंत कसे येतील?" मी ब्लेडने शाई खरवडली, जपून, कागद फाटू न देता.

अंक २६ जानेवारीला प्रकाशित झाला. एकच प्रत, वाचनालयाच्या टेबलावर. रांग लावून वाचायची आणि शेवटच्या पानावर सही करायची. आमच्या शिपाईमामांचीही त्यात सही आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसाठी कपाटं उघडली, तेव्हा तो अंक पुन्हा हाती आला. शिवण उसवली आहे, तिकीट निघून गेलंय, मागे डिंकाचा पिवळा चौकोन उरलाय. त्या दीड पानाचा खालचा कोपरा बोटं लागून लागून काळा झालाय. मी पान खिडकीकडे धरलं. 'बावीस' या शब्दामागे कागद अजून तसाच पातळ आहे, उजेड आरपार येतो.