ऐन सीझनमध्ये कॅमेरा बंद पडला तर?

भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढताना जी मंडळी भेटतात ती हमखास एक प्रश्न विचारतात : "मध्येच कॅमेरा बंद पडला तर तुम्ही परत फिरता का? आणि मग दुरुस्त करता की सरळ नवा घेता?" तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. परत मी फिरत नाही. दुरुस्त की नवा, हे मात्र नेमकं काय बिघडलंय यावर ठरतं. ते कळायच्या आधीच लोक नव्या बॉडीच्या, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याच्या, किमती बघायला लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जागेवरच काही गोष्टी करून बघाव्यात. कॅमेरा बंद करून बॅटरी काढा, मिनिटभर थांबा, दुसरी घाला. कार्ड बदलून बघा. जुनं कार्ड वाचता येत नसेल तर ते फॉरमॅट करू नका, त्यावर नवे फोटोही काढू नका. आतले फोटो बहुतेक वेळा घरी परत मिळवता येतात. तरीही एरर जात नसेल तर लेन्स उतरवा आणि तिच्या मागचे बारीक सोनेरी पॉइंट कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. लेन्स आणि बॉडी यांचा संपर्क या पॉइंटमधूनच होतो, आणि घाम-धुळीचा पातळ थरही तो तोडायला पुरतो. लेन्स उतरवताना बॉडीचं तोंड खाली धरायचं आणि वाऱ्याकडे पाठ करायची. एसी गाडीतून दमट हवेत एकदम बाहेर आलात तर लेन्सवर वाफ धरते, ते बिघाडाचं लक्षण नाही. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून बाहेरच्या हवेला सरावू दिला की ते टळतं.

पाणी गेलं असेल तर मात्र "चालतोय का बघू" म्हणून बटण दाबूच नका. ओल्या सर्किटमधून वीज गेली की जे वाचलं असतं तेही जातं. बॅटरी तेवढी लगेच काढा. तांदळाच्या डब्यात पुरायचा उपाय अजून सगळीकडे सांगितला जातो. त्याने ओल फारशी ओढली जात नाही, तांदळाची पूड मात्र फटींत शिरते. आणि कोकणात खाडीचं खारं पाणी लागलं असेल तर कॅमेरा वाळत ठेवण्यात वेळ घालवू नका, होईल तितक्या लवकर कारागिराकडे न्या. मीठ आत राहिलं तर गंज थांबत नाही.

माझा कॅमेरा बंद पडला तो मी भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर नावेत असताना. शटरचा पडदा अर्धवट उघडा आणि स्क्रीन काळी. अशा वेळी त्या पडद्याला बोट लावायचं नसतं. समोर मीनखाई घारीने (ऑस्प्रे) नुकतीच बुडी मारली होती आणि मी खाली मान घालून बटणं दाबत होते. नाववाले दादा म्हणाले, "ताई, ऱ्हाऊ द्या ते. वर बघा की, मासा सरळ करतीय बघा."

मी दुर्बीण उचलली. आडवा धरलेला मासा घारीने हवेतच वळवला : एक पाय पुढे, एक मागे, माशाचं तोंड उडण्याच्या दिशेला. मग उडता उडता सगळं अंग झाडलं आणि पाण्याचे थेंब उडाले. पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळक्या खुंटावर ती बसली आणि डोक्याकडून मासा खायला लागली. तिच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं आणि तळव्यांवर काटेरी खवले असतात, म्हणून बुळबुळीत मासा सुटत नाही. हे मी वाचलं होतं. बुडीपासून खुंटापर्यंत सलग पाहिलं ते त्या दिवशी. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आपण फ्रेम आणि फोकस सांभाळत असतो. पक्षी काय करतोय याकडे तेवढं लक्ष उरत नाही.

म्हणून कॅमेरा गेला की मी वही काढते. ओळखीच्या पक्ष्याच्या तुलनेत आकार, चोच, पायांचा रंग, पंखावरचा पट्टा, उडण्याची ढब, बसायची जागा, आवाज, उजेड कोणत्या बाजूने होता, हे सगळं लिहायचं, आणि जमेल तसं चित्र काढायचं. ओळख पटवायला पुस्तक उघडायचं ते त्यानंतर. नाहीतर पुस्तकातलं चित्र आपण पाहिलेल्यात मिसळतं. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड होतो. शेकाट्या, चमच्या असे निवांत उभे राहणारे पक्षी असतील तर दुर्बिणीला मोबाइल टेकवून ओळखीपुरता रेकॉर्ड शॉटही मिळतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकायला फोटो लागत नाही. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या अशाच सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. आपली एक साधी यादीही तिथे कामाची असते.

फोटो नसेल तर कोण विश्वास ठेवणार, असं काही जण म्हणतात. त्यांना मी बुगुन लिओसिक्लाची गोष्ट सांगते. पुण्याशी नातं असलेले खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांना अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्यात हा पक्षी १९९५ मध्ये दिसला, पण ओळख पटेना. तो पुन्हा सापडला २००५ मध्ये आणि नवी जात म्हणून त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं २००६ मध्ये. नमुन्यासाठी पक्षी मारला नाही. पकडून सोडलेल्या पक्ष्याची काही पिसं, फोटो, आवाज आणि टिपणं यांवर काम भागलं. म्हणजे पुराव्यात फोटो होतेच. पण मधल्या दहा वर्षांत तो पक्षी विसरला गेला नाही, तो बारकाईने पाहिलेला होता म्हणून.

आता दुरुस्तीकडे येते. शटर हा झिजणाराच भाग आहे. बऱ्याच मधल्या दर्जाच्या बॉडींचं शटर दीड-दोन लाख फोटोंसाठी धरलेलं असतं. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण सेकंदाला दहाच्या वेगाने बर्स्ट मारलात, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढलेत, तर दोन लाख फोटो साडेपाच तासांत संपतात! शटर बदलून मिळतं, त्यामुळे तेवढ्यासाठी बॉडी टाकून देऊ नका. सेन्सर किंवा मुख्य बोर्ड गेला असेल तर हिशेब वेगळा. माझा नियम असा : खर्च त्याच मॉडेलच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्ती, नाहीतर सेकंडहँड बॉडी.

लेन्सच्या बाबतीत मी जास्त हट्टी आहे. बॉडी पाच-सहा वर्षांत जुनी होते, चांगली टेली (लांबचं जवळ आणणारी) लेन्स दोन-तीन बॉडींना पुरते. तिची फोकसची मोटर, आतली पट्टीची केबल बदलता येते. फंगस, म्हणजे बुरशीही, काचेच्या वरवर असेल तर साफ होते, काचेवरचं कोटिंग (लेप) खाल्लं असेल तर डाग राहतात. पावसाळ्यात लेन्स कपाटात, चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक पुरे. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला पाहिजे.

कॅमेरा देताना बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, खर्चाचा अंदाज लेखी मागा, आणि बदललेला जुना पार्ट परत द्यायला सांगा. हातात आला की थेट भिगवण गाठू नका. गच्चीवरून घिरट्या घालणाऱ्या घारींवर फोकस टिकतो का बघा, तारेवरच्या मैनेवर जवळचा फोकस तपासा, आणि काही अडलं तर वॉरंटीच्या मुदतीतच परत घेऊन जा.