डाव्या सीटवर ब्रेक नसतो

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. फेरीत तो कितीदा दाबला गेला, हे शिकणाऱ्याला कळतही नाही. मास्तर हळूच पाय टेकवतात, गाडी थांबते आणि पोराला वाटतं, आपणच थांबवली. मग घरची गाडी बाहेर निघते. आता डाव्या सीटवर आई नाहीतर बाबा, आणि त्यांच्या पायाशी नुसतं मॅट.

आधी वयाचं बघू. सोळाव्या वर्षी, पालकांच्या संमतीने, फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं. घरोघरच्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात, त्यामुळे ‘स्कूटरच तर आहे’ ही पळवाट चालत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

लर्निंग लायसन्स 6 महिने चालतं, पक्क्यासाठी 30 दिवसांनंतर टेस्ट देता येते. बहुतेक घरांत एकतिसाव्या दिवसाची घाई असते. घाई कशाला? पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावा, शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस बसवा आणि उरलेले 5 महिने वापरा.

निघण्यापूर्वी शब्द ठरवून घ्या. ‘हळू’ म्हणजे रेसवरून पाय उचल, ‘थांब’ म्हणजे ब्रेक. ‘अरे अरे अरे!’ या हाकेचा काहीच अर्थ होत नाही, ती ऐकून मूल रस्ता सोडून तुमच्याकडे बघतं. हँडब्रेकवर फार भिस्त ठेवू नका. तो मागच्या चाकांना लागतो. पार्किंगमध्ये पंधराच्या वेगाला ठीक, पण साठला खेचलात तर गाडी मागून फिरू शकते.

बसणं अगदी थोडक्यात: क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला हवा, पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पोचलं पाहिजे आणि छाती स्टिअरिंगपासून निदान 25 सेंटीमीटर दूर, कारण तिथून एअरबॅग उघडते.

खरा वेळ द्यायचा तो नजरेला. नवशिका बॉनेटच्या पुढचे दहा-पंधरा फूटच बघत असतो. त्यावर उपाय म्हणजे जे दिसेल ते मोठ्याने बोलायला लावणं. ‘डावीकडे रिक्षा उभी, पुढचं चाक रस्त्याकडे वळलेलं.’ म्हणजे ती निघणार. ‘एसटी थांबलीय, खालून पाय दिसताहेत.’ म्हणजे बसच्या पुढून कुणीतरी रस्त्यात येणार. ‘पुलाखाली दुचाक्या थांबल्यात, लोक रेनकोट चढवताहेत.’ म्हणजे अर्धी लेन गेली. पहिल्या दिवशी मुलं लाजतात, आठवड्याभरात तुमच्या आधी त्यांना दिसायला लागतं. बडबड थांबली की समजा, डोकं दमलंय. गाडी बाजूला घ्या.

मग अंतर. ताशी 60 ला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर येईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात 25 मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी 20 लागतात. ओल्यावर हे वीसाचे पस्तीसही होतात. मोबाइलकडे 3 सेकंद बघितलं की 50 मीटर आंधळेपणाने. पुढच्या गाडीमागे 2 सेकंदांचं अंतर हवं, पावसात 4. आपल्याकडे त्या फटीत दुचाकी घुसते हे खरंच. घुसू द्या आणि पुन्हा मागे सरा.

जोरात ब्रेक मारणं शाळेत सहसा शिकवत नाहीत. मोकळा रस्ता, आरशात मागे कुणी नाही, ताशी 40, आणि ब्रेक पूर्ण दाब. एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी, गाडी असेल तर पायाखाली करकर होऊन पेडल थरथरतं. मुलं घाबरून पाय उचलतात, नेमकं तेच करायचं नाही. दुसरी खोड म्हणजे आधी क्लच दाबणं. गाडी बंद पडेल या धास्तीने ही सवय लागते, पण क्लच दाबला की इंजिनाचा रोध सुटतो. आधी ब्रेक, क्लच अगदी शेवटी. गाडी बंद पडली तर पडू दे.

उतारावर तर हे दामदुप्पट लागू. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार पुणेकरांना ठाऊक आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक तिथे तापलेल्या ब्रेकनिशी खाली येतात. कारमध्येही न्यूट्रलने काही वाचत नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकून पाय उचलला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचा, आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. सरावाला पहाटेचा जुना कात्रज घाट बरा. द्रुतगती मार्ग सहा महिने विसरा.

पक्कं लायसन्स आल्यावरही काही महिने रात्री मित्रांनी भरलेली गाडी देऊ नका. मागून ‘टाक ना पुढे’ म्हणणारा एक असला, तरी पोराचा पाय जड होतो.

गाडी लावल्यावरचं एक काम उरतं. उजव्या हाताने दार उघडलं की मान वळत नाही. डाव्या हाताने उघडायला लावा, खांदा फिरतो आणि मागून येणारी स्कूटर आपोआप दिसते. डाव्या सीटवरच्यांनी उजवा हात वापरायचा, कारण फुटपाथ आणि गाडी यांच्या फटीतूनही आपल्याकडे कुणीतरी येत असतंच.