वायरमनला महिन्याला किती सुटतात?

माझ्या भाच्याने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यापासून ‘वायरमनला महिन्याला किती सुटतात?’ हा प्रश्न आमच्या घरात वारंवार निघतो. माझे वडील सत्तावीस वर्षे हेच काम करत होते आणि त्यांच्या हिशेबाची वही मी शाळेत असताना उतरवून देत असे. त्यामुळे याचे उत्तर एका आकड्यात देणे मला पटत नाही.

नोकरीतले आकडे सांगता येतात. २०१९ साली सुधारलेल्या नियमांनुसार आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिन्याला ७,००० रुपये ठरले, तर महावितरणच्या डिसेंबर २०२३ मधील विद्युत सहाय्यक भरतीत तीन वर्षांच्या कंत्राटी काळासाठी अनुक्रमे १५,०००, १६,००० आणि १७,००० रुपये मानधन होते.

घरोघरी काम करणाऱ्या वायरमनचा हिशेब मात्र पॉइंटवर चालतो. दिव्याचा एक पॉइंट, पंख्याचा एक, आणि गिझर किंवा एसीच्या पॉवर पॉइंटचा दर वेगळा. घरमालक पॉइंटची संख्या दराने गुणतो आणि हा माणूस बक्कळ कमावतो असे धरून चालतो. परंतु त्याच पॉइंटसाठी आधी भिंतीत झिरी मारून पाइप बसवायचा, गवंड्याचे प्लास्टर वाळल्यावर वायर ओढायची आणि रंगकाम संपल्यावर बोर्ड जोडायचा, अशा खेपा महिनोन् महिने चालतात. वडिलांच्या वहीत हेल्परची हजेरी दर शनिवारी चुकती झालेली दिसे, पेट्रोल आणि कटरची पाती यांचा खर्च रोजचा असे, आणि समोरच्या पानावर ‘शेवटचा हप्ता बाकी’ हे शब्द कित्येक नावांपुढे तसेच राहत. एका बंगल्याची बाकी चौदा महिन्यांनी मिळाली, तीही कापून.

मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच आहे. मेगर हे मोजणीचे यंत्र लावून वायरचे इन्सुलेशन, म्हणजे वीजरोधक आवरण, शाबूत आहे का ते पाहणे, अर्थिंग तपासणे, विजेची ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी ही सुरक्षा-कळ नीट चालते याची बटण दाबून खात्री करून घेणे, या कामात अर्धा दिवस सहज जातो. पण तपासणी हा पॉइंट नसल्यामुळे तिची मजुरी कोणी धरत नाही. ज्या कामावर घरातल्या लेकराबाळांचा जीव अवलंबून आहे, नेमके तेच वायरमनने पदरमोड करून करावे, अशी आपली अपेक्षा असते. वडील ते करत असत, कारण त्यांना त्याशिवाय झोप लागत नसे.

भाचा सध्या सुटीत एका परवानाधारक वायरमनच्या हाताखाली जातो. मागच्या आठवड्यात त्या दोघांनी शेजारच्या स्वयंपाकघराचे अंदाजपत्रक केले, तेव्हा अकरा पॉइंटच्या खाली ‘तपासणी व अर्थिंग : अर्धा दिवस’ अशी ओळ भाच्याने स्वतंत्र रकमेसह लिहिली. शेजारच्या काकूंनी ती ओळ कशाची म्हणून विचारले, त्याने समजावून सांगितले, आणि त्यांनी ती रक्कम न कापता मान्य केली.