जुना गेमिंग लॅपटॉप, नोंद ३: अर्ध्या मिलिमीटरने घात केला

नव्याने वाचणाऱ्यांसाठी रुग्णाची ओळख: आय-७ ७७००एचक्यू प्रोसेसर (सीपीयू), जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स चिप (जीपीयू), १६ जीबी रॅम. २०१७ च्या पिढीतलं मशीन. गेम सुरू केला की पहिली दहा मिनिटं ६० एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स), मग ३५, मग मध्येच धाडकन २०. एचडब्ल्यूइन्फो या मापं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयू ९८ अंशांवर, क्लॉक ३.४ वरून १.६ गिगाहर्ट्झवर, आणि थर्मल थ्रॉटलिंगसमोर (तापल्यामुळे चिपने स्वतःचा वेग कमी करणं) 'येस'. या चिपची मर्यादाच १०० अंश आहे, म्हणजे ती बिचारी जीव वाचवत होती.

प्रत्येक मापाशेजारी खोलीचं तापमान लिहितो. मे महिन्यात नागपुरात त्याशिवाय आकड्यांना काही अर्थ नाही. खालची सगळी मापं रात्रीची, ३२ अंशांच्या आसपासची. (कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवू नका. ती हवा गार असते तशी ओलीही असते.)

शनिवार
आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मग बाकीचं. बाहेरून ब्लोअर मारून काही का निघत नव्हतं ते आत गेल्यावर कळलं. धूळ जाळीवर नव्हतीच. फॅन आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसला होता, चिमट्याने अख्खा उचलून काढला. ब्लोअर मारताना पंखा टूथपिकने अडवून धरला, मोकाट फिरू दिला तर बेअरिंग जायचं. चिप आणि हीटसिंकमधल्या थर्मल पेस्टला हात न लावता झाकण बंद करून मोजलं: ९८ चे ९१. कंटाळा येतो असं करायला, पण एका वेळी एकच बदल केला तरच कशाने फरक पडला ते कळतं.

रविवार
आणि हाच नियम मी दुसऱ्या दिवशी मोडला. पेस्ट आणि थर्मल पॅड (बाकीच्या चिपांवरच्या उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) एकदमच बदलले. जुनी पेस्ट खडूसारखी सुटून आली. आयसोप्रोपिलने पुसलं, एमएक्स-४ ही नवी पेस्ट लावली, हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमाने थोडे थोडे आवळले. टेस्ट लावली. चाळीस सेकंदांत १०० अंश! पंख्याचा असा आवाज की आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय रे, मिक्सर लावून राहिला काय खोलीत?"

पुन्हा उघडलं. सीपीयूवरची पेस्ट एकाच कोपऱ्यात दबलेली, बाकी लावली तशीच्या तशी. दोष पेस्टचा नव्हता. व्हीरॅमवर (ग्राफिक्सच्या मेमरी चिपांवर) मी १.५ मिमीचे पॅड लावले होते, मूळचे १ मिमीचे. दुकानात तेवढेच होते आणि मला वाटलं, दबतील की! नाही दबले. सीपीयू-जीपीयूला हीटसिंक एकच, त्यामुळे एका बाजूला तो उचलला गेला आणि सीपीयूवर टेकलाच नाही. जुने पॅड फेकण्याआधी व्हर्नियरने मोजा, तेही न दबलेल्या कडेला.

गुरुवार
१ मिमीचे पॅड आले. ८३ अंश. पाऊण तास गेम, एफपीएस ५५ च्या खाली गेला नाही.

शुक्रवार
अंडरव्होल्टिंग (सीपीयूला कमी व्होल्टेज देऊन गार ठेवणं) करायला थ्रॉटलस्टॉप हे सॉफ्टवेअर उघडलं, तर व्होल्टेजचे स्लायडर कुलूपबंद. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही इंटेल प्रोसेसरमधली, व्होल्टेज बदलण्याच्या सोयीचा गैरवापर करणारी सुरक्षा त्रुटी जाहीर झाली, त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपच्या बायोस अपडेटमध्ये ही सोय बंद केली गेली. बायोस जुन्या आवृत्तीवर मागे नेण्याची हिंमत नाही आणि गरजही वाटली नाही. त्याऐवजी टर्बोचा (सीपीयूने गरजेनुसार मूळ वेगाच्या वर जाणं) गुणक ३२ वर आणला, म्हणजे कमाल ३.२ गिगाहर्ट्झ. तापमान ७७, एफपीएस जसेच्या तसे, कारण या जोडीत अडतं ते १०५० टीआयपाशी. विंडोजमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करूनही पाहिलं. टर्बोच बंद होतो, क्लॉक २.८ वर, तापमान ७१. उन्हाळ्यात दुपारी खेळायचं तर हेच लावीन.

उघड्या डायवरची (चिपच्या सिलिकॉनवरची) पेस्ट गरम-थंड होता होता कडेला सरकते, म्हणून पीटीएम७९५० या पेस्टऐवजी लावायच्या पातळ शीटचा तुकडा मागवून ठेवलाय. तोवर दर रविवारी हीच टेस्ट, हीच खोली. ७७ चे ८५ झाले की परत स्क्रूड्रायव्हर.