नुसते ओठ हलव

शाळेच्या समूहगीतात मला शेवटच्या रांगेत उभं करायचे आणि सर हळूच कानात सांगायचे, "तू नुसते ओठ हलव." आवाज नुकताच फुटला होता, बाकीचे काळी चारमध्ये आणि मी थेट तळघरात. तेव्हापासून खर्जातल्या आवाजांबद्दल मला उगाचच भाऊबंदासारखं वाटतं. स्कॉट वॉकरचा 'स्कॉट 4' पहिल्यांदा ऐकला त्या रात्री झोप उडाली, ती म्हणूनच.

अल्बम 1969 चा. माणूस अमेरिकन, नाव कमावलं ब्रिटनमध्ये, 'वॉकर ब्रदर्स' या त्रिकुटात. (तिघांपैकी कुणीही भाऊ नव्हते, आणि वॉकर तर जन्माने एकही नव्हता.)

पहिलंच गाणं घ्या. ट्रम्पेट वाजतो, मागून पुरुषांचा कोरस उठतो आणि स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील' सिनेमाची गोष्ट सुरू होते: धर्मयुद्धाहून परतलेला सरदार मृत्यूशी बुद्धिबळ खेळतोय. अख्खा सिनेमा पाच मिनिटांत! खरं सांगतो, सुरुवातीला मला हसू आलं. एवढा थाटमाट कशाला? पण हा बाबा आवाज चढवतच नाही. ओळीचा शेवटचा स्वर निवांत धरून ठेवतो, त्याला हळूच कंप येऊ देतो, आणि सगळा वाद्यवृंद त्याच्या मागे अदबीने उभा. गळ्याची ताकद म्हणजे तारसप्तकात किंचाळणं, असं मानणाऱ्यांना हे गाणं जरूर ऐकवावं.

'बॉय चाइल्ड'मध्ये तर ड्रम्सच नाहीत. ताल धरायला बोट उचलावं तर टेकवायला जागा सापडत नाही. व्हायोलिनांच्या धुक्यातून नुसता आवाज चालत येतो. माझं सर्वांत लाडकं.

त्याच्या अगदी उलट 'द ओल्ड मॅन्स बॅक अगेन'. 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, त्यावरचं. म्हातारा म्हणजे स्टालिनचं भूत. इथे वाद्यवृंदापेक्षा बेस गिटारच भाव खाऊन जातो. सुरुवातीचा तुकडा मी किती वेळा मागे नेऊन ऐकलाय, मोजलेलं नाही.

शेवटाकडे मात्र अल्बम जरा ढिला पडतो. शेवटची दोन-तीन गाणी मी कामं करता करताच ऐकतो.

'स्कॉट' नावाच्या मालिकेतले त्याचे आधीचे तिन्ही एकल अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या तिनात होते, दुसरा तर पहिल्याच क्रमांकावर. या चौथ्यात पहिल्यांदाच दहाच्या दहा गाणी त्याने स्वतः लिहिलेली. मग पठ्ठ्याने काय करावं? तो काढला जन्मनावाने, नोएल स्कॉट एंगेल म्हणून! यादीत शिरलासुद्धा नाही. पुढे तो पुन्हा बाजारात आला तेव्हा त्यावर स्कॉट वॉकर हे नाव होतं.

परवा रात्री इअरफोन लावून 'बॉय चाइल्ड'बरोबर गात होतो. अगदी मोकळ्या गळ्याने, म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. मुलगी दारातून डोकावली.

"बाबा, तू कुणाशी बोलतोयस?"